पातेल्याची पावती

(पत्र थोडं कापून छापते आहे. शहराचं नाव आणि नेमक्या तारखा काढल्या आहेत.)

ताई, नमस्कार.

मी अठ्ठेचाळीस वर्षांची, न्यूयॉर्क राज्यातल्या एका मध्यम शहरात राहते. ग्रीनकार्ड आहे, नागरिकत्वाचा अर्ज भरायच्या बेतात होते. दोन वर्षांपासून इथल्या एका मदतगटात जाते. कुठे मोर्चा किंवा धरणं असलं की आम्ही टेबल मांडतो. पाणी, डोळे धुवायच्या बाटल्या, फोनचे चार्जर आणि माझी मुगाची खिचडी. घोषणा मी देत नाही, माझ्या हातात डाव असतो. गटातली पोरं मला आंटी म्हणतात.

उन्हाळ्यात एका मोर्चात संध्याकाळी पोलिसांनी लोकांना पांगायला सांगितलं म्हणे. आम्हाला ऐकू आलं नाही. आम्ही सामान व्हॅनमध्ये भरतच होतो. समोरून पोलीस आले आणि मागची गल्लीही त्यांनीच अडवली. टेबल उलटं केलं, बाटल्या तुडवल्या, आम्हा सात जणांचे हात प्लॅस्टिकच्या पट्ट्यांनी बांधून नेलं. रात्री अडीचला सोडलं. जमा केलेल्या वस्तूंच्या पावतीवर माझं मंगळसूत्र ‘पिवळ्या धातूची साखळी, काळे मणी’ असं लिहिलंय. ते परत मिळालं. सासूबाईंचं नाव कोरलेलं पातेलं मात्र मिळालं नाही.

आरोप दोन: डिसऑर्डर्ली कंडक्ट, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी गैरवर्तन, आणि पोलिसांच्या कामात अडथळा. आमचा गट शहरावर नागरी हक्कांचा दावा लावणार आहे आणि मी वादी व्हावं असा आग्रह आहे. म्हणतात, ‘तुझ्यासारखी बाई असली की ज्युरीला पटतं.’ आता सरकारी वकिलाकडून कागद आलाय: आरोप मागे घेतो, पण शहरावर आणि पोलिसांवर कधी दावा लावणार नाही असं लिहून द्या. आमचे हे म्हणतात आजच सही कर. अकरा वर्षं रांगेत उभं राहून ग्रीनकार्ड मिळालंय, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, तो व्हॉट्सॲप ग्रुप सोड आणि मेसेज पुसून टाक. गटातले म्हणतात, तू सही केलीस तर आमची बाजू लंगडी पडेल. मला दोघांचंही पटतं. आज अटकेला अडुसष्ट दिवस झाले. काय करू?

डाववाली

*

प्रिय डाववाली,

आधी मेसेजचं. एकही पुसू नका. ग्रुप सोडायचा असेल तर सोडा, पण त्याआधी सगळा मजकूर जसाच्या तसा बाहेर काढून वकिलांकडे द्या. तुमच्यावर फौजदारी आरोप उभे आहेत आणि दिवाणी दावा येऊ घातलाय. अशा वेळी पुसलेला मेसेज हा वाचलेल्या मेसेजपेक्षा जास्त बोलतो. ‘आज आंटीची खिचडी आहे, वाट्या आणा’ एवढंच असेल त्यात, पण पुसलंत की त्या रिकाम्या जागी समोरचा वकील त्याला हवं ते भरेल. हे आजच्या आज ह्यांना वाचून दाखवा, बाकीचं उत्तर नंतर वाचलं तरी चालेल.

मी वकील नाही. चोवीस वर्षं नागरी हक्कांचे खटले चालवणाऱ्या एका ऑफिसात पॅरालीगल, म्हणजे वकिलांची मदतनीस होते. फाइली लावल्या, जबान्यांच्या खोलीत कोपऱ्यात बसून टिपणं काढली, रडणाऱ्या माणसांना पाणी दिलं. म्हणजे माझंही काम तुमच्यासारखंच, फक्त टेबल आत होतं. त्यामुळे पुढचं वाचताना एवढं लक्षात ठेवा की अखेरचा शब्द तुमच्या वकिलांचा. आणि वकील दोन हवेत, एक फौजदारी आणि एक इमिग्रेशनचा. गटाचा वकील हा तिसरा, आणि त्याला आधी गटाचं बघायचंय.

आता अडुसष्ट. तुम्ही हा आकडा पत्रात शेवटी, जाता जाता लिहिलात, पण मला सगळ्यात आधी तोच दिसला. न्यूयॉर्कमध्ये शहरावर राज्याच्या कायद्याखाली, म्हणजे बेकायदा अटक, मारहाण, सामानाची नासधूस असा दावा लावायचा असेल, तर घटनेपासून ९० दिवसांत ‘नोटीस ऑफ क्लेम’, म्हणजे दाव्याची पूर्वसूचना द्यावी लागते. तुमच्याकडे बावीस दिवस आहेत. नोटीस दिली म्हणजे दावा लावलाच पाहिजे असं नाही. ती फक्त दाराला लावलेली पाचर आहे, दार बंद होऊ नये म्हणून. फेडरल दाव्याला ही नोटीस लागत नाही. तिथे न्यूयॉर्कात ३ वर्षांची मुदत आहे, म्हणून गटातले लोक निवांत असतील. पण हे दोन वेगळे दरवाजे आहेत, आणि एक लवकर बंद होतो. एक खोच मात्र सांगते. नोटीस दिली की शहर तुम्हाला शपथेवर प्रश्न विचारायला बोलावू शकतं, आणि आरोप उभे असताना शपथेवर काहीही बोलणं धोक्याचं. म्हणून नोटीस कधी, कोणत्या शब्दांत, ते फौजदारी वकील ठरवतील. तुम्ही फक्त त्यांना उद्या सकाळी फोन करून ‘बावीस दिवस’ एवढे दोन शब्द सांगायचे.

आणि एक विचारते. हात बांधणारे नेमके कोण होते? शहर पोलीस, काउंटीचे शेरीफ, राज्य पोलीस की फेडरल एजंट? अंधारात, हेल्मेटमध्ये सगळे सारखे दिसतात. पण ज्या कायद्याखाली गट दावा लावणार आहे तो राज्य आणि स्थानिक अधिकाऱ्यांना लागू होतो. फेडरल एजंटावर नुकसानभरपाईचा दावा लावण्याची वाट सुप्रीम कोर्टाने २०२२ च्या एगबर्ट विरुद्ध बूल खटल्यानंतर जवळजवळ बुजवलीय. तिथे वेगळा अर्ज आणि वेगळी मुदत. पावतीवर कोणत्या खात्याचा शिक्का आहे बघा. ती पावती मला फार आवडली, तिच्याकडे मी परत येणार आहे.

तुमच्या ह्यांच्याबद्दल. ते भित्रे आहेत असं गटातल्या कुणी सुचवलं असेल तर मनावर घेऊ नका. अकरा वर्षं म्हणजे काय, हे त्या विशीतल्या पोरांना माहीत नाही. दर तीन वर्षांनी मुदतवाढ, दर महिन्याला ग्रीनकार्डच्या रांगेचं सरकारी व्हिसा बुलेटिन उघडून तारीख दोन आठवडे पुढे सरकली का मागे गेली ते बघणं, नोकरी बदलायची तर छातीत धडधड. असा माणूस सरकारी पाकीट दिसलं की आधी सही कुठे करायची ते शोधतो. ती सवय त्यांना ह्याच देशाने लावलीय. पण ते म्हणतात ती कोर्टाची पायरी तुम्ही चढलेल्याच नाही आहात. तुम्हाला हात बांधून तिथे नेऊन ठेवलंय. आता खाली कसं उतरायचं एवढाच प्रश्न आहे, आणि समोर आलेला कागद ही उतरायची एक वाट आहे. एकमेव नव्हे.

तो कागद बेकायदा वाटेल, पण नाही. न्यू हॅम्पशायरमधल्या न्यूटन गावातल्या एका माणसाला असाच कागद दिला होता: खटला मागे घेतो, तू गावावर दावा लावू नकोस. त्याने सही केली आणि नंतर दावा लावला. प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं आणि १९८७ साली पाच विरुद्ध चार मतांनी कोर्टाने सांगितलं की सही बंधनकारक आहे. का? तो तुरुंगात नव्हता, त्याच्याकडे वकील होता, विचार करायला तीन दिवस मिळाले होते. आता स्वतःकडे बघा. तुम्ही घरी आहात, वकील आहे, हातात दिवस आहेत. म्हणजे तुमचीही सही टिकेल. ‘आत्ता करून टाकू, पुढचं पुढे बघू’ ही सोय इथे नाही. सही केली की पुढे गटाच्या दाव्यात तडजोड होऊन भरपाई वाटली गेली, तरी त्यातला तुमचा वाटा गेला असं धरा.

पण ह्या कागदाहून मला जास्त भीती वाटते ती एका गोड वाक्याची. कोर्टाच्या व्हरांड्यात कुणीतरी हळूच म्हणेल, ‘कशाला ताणता? डिसऑर्डर्ली कंडक्ट कबूल करा, थोडा दंड भरा, घरी जा.’ न्यूयॉर्कात तो गुन्हा म्हणूनसुद्धा धरत नाहीत, नुसतं ‘व्हायोलेशन’, दंड जास्तीत जास्त २५० डॉलर. आपल्याकडे ट्रॅफिक हवालदाराशी मिटवून टाकतात तसं वाटतं ते. मिटवू नका. १९९४ च्या हेक विरुद्ध हम्फ्री निकालापासून नियम असा आहे की जो दोष तुमच्यावर शाबीत झालाय आणि तसाच उभा आहे, त्याला खोटं ठरवणारा भरपाईचा दावा चालत नाही. दंडाची ती पावती म्हणजे पोलिसांच्या हातात दिलेलं प्रमाणपत्र. शिवाय इमिग्रेशनच्या कायद्यात ‘कन्व्हिक्शन’ची, म्हणजे दोषसिद्धीची व्याख्या फार पसरट आहे. तुम्ही दोष किंवा दोषापुरती हकिगत कबूल केलीत आणि न्यायाधीशाने त्यावर काही शिक्षा किंवा बंधन घातलं, तर पुढे राज्याच्या कोर्टाने ते पुसलं तरी फेडरल सरकारच्या लेखी ते राहू शकतं. फौजदारी वकिलाने कबुलीचे इमिग्रेशनवरचे परिणाम अशिलाला सांगितलेच पाहिजेत, असं सुप्रीम कोर्टाने २०१० साली पडिला खटल्यात म्हटलंय. तेव्हा विचारायला लाजू नका, तो तुमचा हक्क आहे.

(जाता जाता: तुमच्यावरचा अडथळ्याचा आरोप ‘ए’ वर्गाचा मिसडिमीनर, म्हणजे कमी गंभीर गुन्हा आहे. त्याची कमाल शिक्षा न्यूयॉर्कने २०१९ साली एका वर्षावरून ३६४ दिवसांवर आणली. एकच दिवस कमी. कारण ‘एक वर्ष’ ह्या आकड्याला इमिग्रेशनच्या कायद्यात वेगळं वजन आहे. एका दिवसासाठी विधिमंडळात मतदान होतं, आणि आपण मात्र व्हरांड्यात दोन मिनिटांत कबुली द्यायला निघतो.)

म्हणून वकिलांना विचारा की सहीशिवाय आरोप रद्द होण्याची शक्यता किती. न्यूयॉर्कात एसीडी नावाची सोय आहे. खटला साधारण सहा महिने बाजूला ठेवतात, काही झालं नाही तर रद्द होतो, आणि त्यात तुम्ही काहीच कबूल करत नाही. मोर्चातल्या बारीकसारीक आरोपांत हे पुष्कळदा मिळतं. सरकारी वकील ते दावा-नको ह्या अटीशिवाय द्यायला तयार आहे का, हे अजून कुणी विचारलंय असं तुमच्या पत्रावरून दिसत नाही. पहिला कागद आला म्हणजे शेवटचा भाव लागला असं नव्हे.

नागरिकत्वाच्या अर्जाबाबत ह्यांचा एक गैरसमज आहे, तोही काढून टाकते. त्यांना वाटतं सही केली की अटक पुसली जाईल. नाही जाणार. त्या अर्जात ‘कधी अटक झाली होती का’ असा प्रश्न असतो. खटला रद्द झाला, नोंद सीलबंद झाली, तरी उत्तर ‘हो’च द्यायचं आणि सोबत कोर्टाचा निकालाचा दाखला जोडायचा. सही केलीत तरी ‘हो’, नाही केलीत तरी ‘हो’. फरक पडतो तो निकालाच्या दाखल्यावर काय लिहिलंय त्याने. रद्द असं लिहिलेलं असेल तर तुमच्यासारख्या ग्रीनकार्डवाल्या बाईसाठी ते सोन्यासारखं आहे, आणि हे गटातल्या नागरिक पोरांना कळणं कठीण आहे. त्यांच्यासाठी आरोप म्हणजे मनस्ताप, तुमच्यासाठी मुक्काम. आरोप उभे असेपर्यंत देशाबाहेर जायचं झालं तरी इमिग्रेशन वकिलाला विचारल्याशिवाय तिकीट काढू नका.

शहरावर दावा लावणं हा गुन्हा नाही आणि त्यासाठी कुणाचं ग्रीनकार्ड काढून घेता येत नाही. उलट सरकारकडे दाद मागण्याचा हक्क पहिल्या घटनादुरुस्तीतच आहे. पण दाव्याच्या पहिल्या पानावर तुमचं नाव छापलं जाईल, ते पान कुणालाही ऑनलाइन उघडता येईल, आणि टोपणनावाने दावा चालवायला कोर्ट क्वचितच परवानगी देतं. गेल्या काही वर्षांतलं वातावरण बघता हे मोजूनच ठरवायला हवं.

आता दाव्याबद्दल, कारण ‘सिव्हिल राइट्सचा दावा’ म्हणजे नेमकं काय हे तुम्हाला कुणी समजावलेलं दिसत नाही. हा कायदा १८७१ चा. यादवी युद्धानंतर दक्षिणेत कू क्लक्स क्लॅन काळ्या लोकांना मारत, जाळत सुटला होता आणि स्थानिक शेरीफ एकतर बघत उभे राहत किंवा स्वतःच सामील असत. म्हणून ग्रँट राष्ट्राध्यक्ष असताना काँग्रेसने सांगितलं की राज्याचा अधिकार वापरून कुणी घटनात्मक हक्क तुडवला तर त्याला फेडरल कोर्टात खेचता येईल. आज त्याला सगळे सेक्शन १९८३ म्हणतात. तो कलमाचा आकडा आहे, साल नव्हे. नव्वद वर्षं तो जवळजवळ पडून होता. शिकागोत तेरा पोलीस पहाटे वॉरंटशिवाय मनरो नावाच्या कुटुंबाच्या घरात घुसले, नवराबायकोला दिवाणखान्यात नग्न उभं केलं, घर उलटंपालटं केलं. त्या खटल्यात १९६१ साली सुप्रीम कोर्टाने ह्या कायद्यात पुन्हा जीव घातला.

मग त्याला वेसणही घातली. पोलीस ‘क्वालिफाइड इम्युनिटी’ मागतात. म्हणजे असंच वागणं बेकायदा असल्याचं आधीच्या निकालांवरून स्पष्ट नव्हतं, तर त्या अधिकाऱ्याला भरपाई द्यावी लागत नाही. आणि शहराला धरायचं तर १९७८ च्या मोनेल निकालाप्रमाणे ही शहराची रीत, धोरण किंवा प्रशिक्षणातली हेळसांड होती हे दाखवावं लागतं. एखादा पोलीस बेफाम झाला एवढ्यावर शहर सापडत नाही. तुमच्या गटाला सातही जणांचं एकसारखं बोलणं का हवंय, ते आता लक्षात येईल. सातही जणांच्या मागे तीच गल्ली अडवली होती, ही गोष्ट सात तोंडांनी आली की ती रीत दिसायला लागते.

कर्जबाजारी होण्याची भीती मात्र सोडा. १९७६ च्या कायद्याने वादी जिंकला तर त्याच्या वकिलाची फी सहसा प्रतिवादीने द्यायची असते, म्हणून असे वकील बहुधा अशिलाकडून आगाऊ काही घेत नाहीत. हरलात तर कोर्टाचा किरकोळ खर्च अंगावर येऊ शकतो, पण दावा अगदीच बिनबुडाचा असल्याशिवाय शहराच्या वकिलांची फी तुमच्यावर पडत नाही. हे सगळं करारात लिहून घ्या.

आणि असे दावे कुठे जातात? ४ जून २०२० ला ब्राँक्समधल्या मॉट हेवनमध्ये रात्री आठची संचारबंदी लागायच्या आधीच पोलिसांनी मोर्चा दोन्ही बाजूंनी कोंडला आणि मग संचारबंदी मोडली म्हणून धरपकड केली. त्यात प्रथमोपचार करणारे मेडिक होते, पोलिसांचं वागणं टिपून ठेवणारे आणि संचारबंदीतून सूट असलेले लीगल ऑब्झर्व्हरही होते. २०२३ मध्ये शहराने तडजोड केली, माणशी २१,५०० डॉलर, सुमारे तीनशे लोकांना. त्याच वर्षी राज्याच्या ॲटर्नी जनरल आणि नागरी हक्क संघटनांशी झालेल्या वेगळ्या तडजोडीत न्यूयॉर्क पोलिसांनी असं कोंडणं बंद करण्याचं कबूल केलं. डेन्व्हरमध्ये २०२२ साली ज्युरीने बारा आंदोलकांना १ कोटी ४० लाख डॉलर दिले. हे वाचून हुरळू नका. ह्यातला कुठलाही पैसा वर्षादीडवर्षात हाती आलेला नाही.

तुमच्यासारख्या खायला-प्यायला देणाऱ्यांवर हात पडणं हेही नवं नाही. अलाबामातल्या मंटगोमेरीत काळ्या लोकांचा बसवरचा बहिष्कार चालू होता तेव्हा जॉर्जिया गिलमोर नावाची स्वयंपाकीण ‘पाय’ नावाचा भाजलेला गोड पदार्थ आणि सँडविचेस करून विकायची आणि त्या पैशावर बसऐवजी लोकांना नेणाऱ्या कारपूलच्या गाड्यांत पेट्रोल पडायचं. आपल्या मंडळाचं नाव तिने ‘कुठूनच नाही’ क्लब ठेवलं होतं, कारण पैसे कुठून आले असं विचारलं तर खरं उत्तर देता यावं. १९५६ साली मार्टिन ल्यूथर किंग ह्यांच्या खटल्यात तिने साक्ष दिली आणि तिची नोकरी गेली. २०२० च्या जूनमध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलमध्ये पोलिसांनी मेडिक लोकांचा तंबू मोडला आणि पाण्याच्या बाटल्या भोसकल्या. बाटल्या फेकून मारतात, असं त्यांचं म्हणणं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशात, आंदोलकांना जेवण देणाऱ्या सिएटलच्या ‘रायट किचन’च्या नऊ जणांना पेट्रोल पंपावर डबे भरताना धरलं. पोलिसांना ते इंधनाचे डबे जाळपोळीसाठी वाटले, गट म्हणाला जनरेटरसाठी. बाटली तीच आणि डबाही तोच. पण दूर उभ्या असलेल्या माणसाला त्यात काय दिसतं, ह्यावरच अर्धा खटला फिरतो.

टेबलावर फलक होता का तुमच्या? हे मी उगाच विचारत नाही. फ्लोरिडात फोर्ट लॉडरडेलच्या बागेत बेघरांबरोबर जेवण वाटून खाणाऱ्या एका गटाच्या खटल्यात अकराव्या सर्किटने, म्हणजे तिथल्या फेडरल अपील कोर्टाने, २०१८ साली म्हटलं की असं अन्न वाटणं हीदेखील अभिव्यक्ती आहे. का? फलक होता, जागा सार्वजनिक बागेची होती, सगळ्यांना आमंत्रण होतं, बघणाऱ्याला त्यातून काही सांगितलं जातंय हे कळत होतं. न्यूयॉर्कवर तो निकाल बंधनकारक नाही, पण वकील तो दाखवतील. म्हणजे ‘मी घोषणा देत नव्हते, माझ्या हातात नुसता डाव होता’ हे वाक्य जितकं निष्पाप आहे तितकंच कदाचित तुमच्या बाजूला कमी पडणारं आहे. आणि एक कडू गोष्ट: मदत करणाऱ्याला कायद्याने वेगळं कवच नसतं. पांगायचा आदेश वैध असेल, ऐकू येईल असा दिला असेल आणि जायला वाट असेल, तर तो खिचडीच्या पातेल्यालाही लागू. तुमचं बळ ‘आम्ही मदत करत होतो’ ह्यात नाही. ते गल्ली अडवण्यात आहे. घराबाहेर निघायच्या वेळेपासून रात्री अडीचपर्यंतचं सगळं आठवेल तसं लिहून काढा, वरती ‘माझ्या वकिलासाठी’ असं लिहा आणि दुसऱ्या कुणाला दाखवू नका. ह्यांनाही नाही.

वादी होणं म्हणजे काय ते मी खोलीत बसून पाहिलंय. जबानी, डिपॉझिशन, फेडरल नियमाप्रमाणे एका दिवसात सात तासांपर्यंत चालते. एक शांत, निवृत्त ग्रंथपाल बाई होत्या. शहराच्या वकिलाने त्यांना सहा वर्षांपूर्वी एका बातमीखाली टाकलेल्या हसऱ्या चेहऱ्याबद्दल चाळीस मिनिटं विचारलं. तुम्ही का हसलात? कुणाला हसलात? पोलिसाला लागलं ह्याचा आनंद झाला का? मानसिक त्रासाची भरपाई मागितलीत तर डॉक्टरांचे कागदही मागू शकतात. आणि तडजोडीची वेळ आली की सात जणांत दोन तट पडतात: कुणाला पैसे घेऊन सुटायचं असतं, कुणाला धोरण बदलल्याशिवाय हलायचं नसतं. एकाच व्हॅनमधून आलेली माणसं लिफ्टमध्ये एकमेकांकडे पाठ करून उभी राहिलेली मी पाहिली आहेत.

‘तुझ्यासारखी बाई असली की ज्युरीला पटतं’ हे ज्यांनी म्हटलं ते वाईट नसतील. पण तुम्ही त्यांच्या दाव्याचा दर्शनी गणपती नाही आहात. पुन्हा म्हणाले तर विचारा, माझ्या इमिग्रेशन वकिलाची फी गट देणार का?

तुम्हाला दोघांनी मिळून दोनच खुर्च्या दाखवल्या आहेत, सही करून घरी किंवा पहिल्या पानावर नाव. तिसरीही आहे. दावा क्लास ॲक्शन म्हणून, म्हणजे मोजक्या वादींनी सगळ्यांच्या वतीने लावला तर नाव न छापताही तुम्ही त्यात असू शकता; मॉट हेवनमध्ये बहुतेकांना पैसे असेच मिळाले. आणि चौथी आहे साक्षीदाराची. समजा सहीशिवाय आरोप रद्द होतच नाहीत आणि इमिग्रेशन वकील म्हणाले की घ्या हे, तर घ्या. तुम्ही स्वतःची भरपाई सोडाल, तोंड नाही. पुढे त्या सहा जणांच्या खटल्यात समन्स आलं तर गल्ली कुणी अडवली हे तुम्ही शपथेवर सांगू शकता. फक्त सही करण्याआधी वकिलाला कागदाची प्रत्येक ओळ ह्या नजरेने वाचायला लावा: साक्ष देऊ नये, घटनेबद्दल बोलू नये, पोलिसांची चूक नव्हती हे मान्य आहे, असलं काही आत घुसवलंय का? असेल तर ते खोडून घ्या, किंवा मग कागदच परत पाठवा.

माझं मत विचारलंत म्हणून सांगते. ह्या आठवड्यात सही नको. आधी दोन वकील, मग बावीस दिवसांचा प्रश्न, मग सहीशिवाय एसीडीची मागणी. ती मिळाली तर सेक्शन १९८३ साठी वेळ आहे, नागरिकत्वाची शपथ घेतल्यावरही वादी होता येईल, फक्त तीन वर्षं उलटू देऊ नका. नाही मिळाली तर खोडून घेतलेल्या कागदावर सही करा आणि साक्षीदार व्हा. वादी आत्ताच, ह्या परिस्थितीत? मी तुमची मोठी बहीण असते तर नको म्हटलं असतं. गटाला हे उत्तर आवडणार नाही.

आता पावती. तिच्यावर वेळ छापलेली असेल, आणि मंगळसूत्र काढून घेतलं त्या वेळी तुम्ही ठाण्यात होता हे तीच सांगते. पोलीस अहवालातल्या वेळेशी ती जुळते का ते वकील बघतील. मूळ पावती प्लॅस्टिकमध्ये ठेवा, ह्यांच्या ग्रीनकार्डच्या फाइलीत ठेवलीत तर हरवायची भीती नाही. पातेलं पावतीवर नाही, म्हणजे एकतर ते नोंदवलंच नाही किंवा व्हॅनच्या सामानाबरोबर ‘मोठं धातूचं भांडं’ म्हणून कुठल्यातरी मांडणीवर पडलंय. वकिलांना सांगा, प्रॉपर्टी क्लार्कला लेखी पत्र द्यायला, आणि सोबत पातेल्याचा जुना फोटो. कोरलेली अक्षरं दिसतील असा, नावाखाली इंग्रजी भाषांतर लिहून. पोलीस कोठारातली इतर पातेली एकमेकांसारखी असतील. सासूबाईंचं नाव असलेलं एकच.

ताई